अक्कलकोटच्या वाटेवर चौदा किलोमीटर

शनिवारी पहाटे पाच चाळीसला आम्ही घराला कुलूप लावलं. जानेवारी महिना. सोलापूरला थंडी पडत नाही असं म्हणणाऱ्यांनी त्या वेळी आमच्या गल्लीत येऊन उभं राहावं. माझ्या पाठीवर साडेतीन किलोची पिशवी होती: पाणी, कडक भाकरी, शेंगाचटणी, दोन पंचे आणि माझी वही. सुमनच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या पिशवीत काय होतं ते तिने सांगितलं नाही आणि मीही वजन केलं नाही.

बेत असा होता. सोलापूर ते अक्कलकोट अडतीस किलोमीटर. माझं पाऊल अडुसष्ट सेंटिमीटरचं, म्हणजे साधारण छप्पन्न हजार पावलं. पहिल्या दिवशी वळसंग, तिथे सुमनच्या मावशीकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी अक्कलकोट, दर्शन, आणि संध्याकाळच्या एसटीने घर. पावलाचं माप मला पाठ आहे, कारण मी जमीन मोजणीच्या खात्यात सव्वीस वर्षं काम करतो. करत होतो, असं त्या शनिवारपर्यंत म्हणायला हवं.

जूनमध्ये एका शेतात यंत्रातला आकडा मी तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा तो मला कळला नाही. बांधावर बसलो. छाती आवळली आणि मग उठवेना. त्याआधी चार महिने झोप रोज दोन-अडीच तासांवर आली होती, हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. सहकाऱ्यांनी घरी आणलं, मग सुमनने डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि चालायला सांगितलं. "गोळ्यांचं मी बघते, पावलांचं तुम्ही बघा," असं त्यांचं वाक्य होतं. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत गेलो. जाऊन-येऊन दोनशे ऐंशी पावलं. वहीत तीन रकाने आखले: झोप, पावलं, आणि मनाची स्थिती दहापैकी किती. त्या दिवशी दोन लिहिलं. तेही सुमनच्या समाधानासाठी.

ठरलेल्या वेळी झोपणं, न्याहारी न चुकवणं, दिवसातून एकदा तरी कुणाशी बोलणं, हे सगळं हळूहळू जमलं. डिसेंबरअखेर मी सलग बारा किलोमीटर चालत होतो, सहा तास झोपत होतो आणि तिसऱ्या रकान्यात सात येत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या चालूच ठेवा, पण आता कामावर जायला हरकत नाही. रुजू व्हायचा सोमवार ठरला. माझाच विश्वास बसेना. म्हणून मी एक अट घातली आणि ती फक्त सुमनला सांगितली: अक्कलकोटला पायी पोचलो तर सोमवारी कामावर जाईन. नाही पोचलो तर रजा वाढवीन.

"आणि पुन्हा कधी जाल?" तिने विचारलं होतं. मी वही उघडून पावलांचा हिशोब मांडायला लागलो.

शहर सुटेपर्यंत उजाडलं. अक्कलकोटची वाट आग्नेयेला जाते, त्यामुळे हिवाळ्यात सकाळचं ऊन सरळ तोंडावर येतं. दोन्ही बाजूंना काळी रानं, निसवून कणसं धरलेली ज्वारी, मध्येच काढणीला आलेली तूर. पानांवरचं दव अजून उतरलेलं नव्हतं. पहिल्या तासात आम्ही पाच किलोमीटर केले. मी दर हजार पावलांना आकडा मोठ्याने सांगत होतो आणि सुमन "हं" म्हणत होती.

कुंभारीला पोचलो तेव्हा सात चाळीस झाले होते. घरापासून साडेनऊ किलोमीटर, ठरल्यापेक्षा पाच मिनिटं लवकर. पण उजवी टाच पेटली होती.

कारण सांगायला हवं. बूट नवे होते. दिवाळीत घेतले आणि मी खोक्यात ठेवून दिले. चांगली वस्तू चांगल्या दिवशी काढायची, ही आमच्या घराची रीत आहे. वडील नव्या धोतराचीसुद्धा पाडव्यापर्यंत घडी मोडू देत नसत. त्यामुळे रोजचा सराव सगळा जुन्या कॅनव्हासच्या बुटांवर झाला आणि नवे अक्कलकोटसाठी राखले. आदल्या दिवशी सुमन म्हणाली होती, जुने पिशवीत घेऊ या. मी ते तराजूवर ठेवले. सातशे ऐंशी ग्रॅम भरले. विनाकारण वजन म्हणून घरी ठेवले.

कुंभारीच्या पुढे एका टपरीवर चहाला थांबलो. बाकावर एक गृहस्थ बसले होते, पन्नाशी उलटलेले, अनवाणी, गळ्यात टॉवेल. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय ओ पाहुणे, पाय लई आखडत टाकताय की."

"नाही, ठीक आहे," मी म्हणालो.

"बूट नवे दिसतेत."

"आजच काढले."

"आजच?" त्यांनी चहावाल्याकडे मान वळवली. "ऐकलं का? आज लगीन, आजच घोडा विकत घेतलाय."

चहावाला हसला. सुमनही हसली, आणि मग माझ्या टाचेकडे बघायला लागली. मी पाय बाकाखाली घेतला.

त्यांचं नाव नरसय्या. सोलापुरात मागावर टॉवेल विणतात, घरी तेलुगू बोलतात. दर महिन्याला एकदा ते अक्कलकोटला चालत जातात. मी विचारलं, नवस आहे का?

"नवस काय न्हाय ओ. आठ-आठ, दहा-दहा तास माग खटखट खटखट. घरी आलं तरी डोस्क्यात माग चालूच. बायको बोलली तर तिच्यावर खेकसायचो. मग एकदा चालत गेलो तर गप झाला की आवाज. तवापासनं जातो. स्वामी पण भेटतेत, डोस्कं पण रिकामं व्हतंय." उठताना ते म्हणाले, "बूट काढून बघा. पाय खोटं बोलत न्हाई."

ते निघाले आणि दहा मिनिटांत दिसेनासे झाले. मी बूट काढले नाहीत. काढले तर जखम दिसेल, जखम दिसली तर सुमन बस पकडायला लावेल, आणि बस पकडली तर सोमवार गेला. हा हिशोब मला अगदी बरोबर वाटत होता.

पुढच्या साडेचार किलोमीटरना चहा धरून दोन तास लागले. चौदाव्या किलोमीटरच्या दगडापाशी सुमन थांबली.

"तुम्ही मघापासून आकडा सांगितला नाहीत," ती म्हणाली.

खरं होतं. मी मोजणं सोडून दिलं होतं. फक्त टाच आणि सोमवार, सोमवार आणि टाच. तेवढं तिने म्हटलं आणि माझी छाती जूनसारखी आवळली. हातांना घाम, कानांत सणसण. समोर तसंच शेत, तसाच बांध. मी त्या दगडावर बसलो. मनात एकच आलं: संपलं, काहीच बरं झालेलं नाही.

सुमन घाबरली नाही. डॉक्टरीणबाईंकडे ती प्रत्येक वेळी माझ्याबरोबर आली होती. "चार आकडे आत, सहा आकडे बाहेर," ती म्हणाली. "मोजा. मोठ्यांदा." मी मोजलं. पहिले काही श्वास तिनावरच तुटले. पंधराव्या-सोळाव्या श्वासाला सहापर्यंत पोचलो. घड्याळात पाहिलं: सात मिनिटं. जूनमध्ये हेच पाऊण तास चाललं होतं.

मग तिने मला न विचारता माझा बूट काढला. मोज्याला रक्त लागलं होतं. टाचेवर रुपयाएवढा फोड, आणि तो फुटलेला.

रस्त्याकडेच्या शेतात एक बाई हुरडा भाजत होत्या. त्यांनी हाक मारली, "बर्री, बर्री (या, या). सावलीत बसा की बाय, उन्हात काय बसवलंय त्यांला?" गंगव्वा त्यांचं नाव. साठीच्या असतील. एक वाक्य कानडीत आणि दुसरं मराठीत असं त्या बोलत. त्यांनी तांब्याभर पाणी दिलं. सुमनच्या पिशवीतून औषध, कापूस आणि पट्टी निघाली. आगटीतून (हुरडा भाजायच्या खड्ड्यातून) काढलेली कणसं गंगव्वांनी तळहातावर चोळून गरम दाणे आमच्यासमोर केले. आम्ही शेंगाचटणी काढली. इतका गोड हुरडा मी गेल्या कित्येक वर्षांत खाल्लेला नाही, आणि हे मी टाच ठणकत असताना लिहून ठेवलं आहे.

"आता बस बघू," सुमन म्हणाली.

"अजून सहा किलोमीटरवर मावशीचं घर आहे. पट्टी बांधून चालतो."

"या पायानं? आणि उद्या अठरा?"

"सुमन, मी अट घातली आहे."

"कुणाला घातली? स्वामींनी मागितली होती का डॉक्टरांनी?"

गंगव्वांनी विचारलं, "कसली अट ओ?" सुमनने त्यांना सगळं सांगितलं. जूनपासूनचं. परक्या बाईसमोर हे बोललेलं मला आधी चालत नसे. त्या दिवशी मी हुरडा खात राहिलो. मी मोजणी खात्यातला आहे हे ऐकल्यावर मात्र बाई ताठ बसल्या.

"तुमी मोजणीवाले व्हय? बरे घावलात. आमच्या ह्या रानाची मोजणी तीन तारखांला झाली. पयल्या तारखंला पाऊस. दुसऱ्या तारखंला दुपारपातूर मोजलं, यंत्र बिघडलं म्हनले, गेले. मी लई बोलले त्यांला."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, जितं थांबले तितं खुंटी ठोकून गेले. तिसऱ्या तारखंला खुंटीपासनं पुढं. मोजणी बरोबर आली की. भावकी पण गप झाली." त्यांनी नवं कणीस आगटीत सरकवलं. "तुमीच सांगा सायब, दोनदा अर्ध्यावर सोडली म्हनून आमची मोजणी खोटी हाय का?"

सव्वीस वर्षं मीच शेतकऱ्यांना हे समजावत आलो आहे. दिवस मावळला, पीक आडवं आलं, की खुंटी मारायची आणि पुढची तारीख घ्यायची. झालेलं माप जात नाही. एकाही मोजणीदाराने अर्ध्या मापाला शून्य लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. लिहिलं असतं तर मीच त्याची कानउघाडणी केली असती.

मी वही काढली. चौदा किलोमीटर. झोप सहा तास. धाप आणि घाबरेपणा, सात मिनिटं, आपोआप नव्हे, श्वास मोजून थांबला. मग तिसरा रकाना. बराच वेळ विचार करून सहा लिहिलं. खरं सांगायचं तर तो सहाच होता.

"मावशीला फोन कर," मी सुमनला म्हणालो. "म्हणावं, पुढच्या तारखेला येतो."

सुमनने फोन लावला. गंगव्वांनी निघताना आम्हाला ओंजळभर हुरडा बांधून दिला आणि मला बजावलं, "बांधावरनं जाताना जपून. पाय लंगडतोय तुमचा."

सोलापूरकडे जाणारी एसटी साडेअकराला हात केल्यावर थांबली. कंडक्टरने माझ्या हातातले बूट आणि पायाची पट्टी पाहिली. "चालत निघालेले का काका? अर्ध्यातनंच परत?"

"चौदा झाले," मी म्हणालो. "चोवीस राहिलेत. पायाला आराम देऊन पुन्हा इथूनच सुरू."

चार तासांची वाट एसटीने पंचवीस मिनिटांत परत गुंडाळली. खिडकीतून मी तीच रानं उलट क्रमाने पाहिली. मला वाटायचं, व्यायाम म्हणजे मनाला द्यायची परीक्षा. पास झालो तर बरा, नापास झालो तर आजारी. आता वाटतं, तो रोजच्या आंघोळीसारखा आहे. एखाद्या दिवशी पाणी कमी आलं म्हणून कुणी आंघोळ कायमची सोडत नाही. छाती पुन्हा कधी आवळणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. आवळली तर काय करायचं ते मला येतं, एवढं मात्र मी पुराव्यानिशी सांगू शकतो.

कुंभारी मागे पडल्यावर मी म्हणालो, "सोमवारी डबा लागेल."

सुमन खिडकीबाहेर बघत होती. तिने मान वळवली नाही. "भाजी काय करू?"

जूनपासून या प्रश्नाला माझं एकच उत्तर असे: काहीही. तिनेही सवयीने विचारलं होतं.

"वांगं कर," मी म्हणालो. "शेंगदाण्याचं कूट जास्त घाल. आणि मेथी नको, आठवड्यात तीनदा झाली."

"तीनदा नाही, दोनदा," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले. "मोजत जा नीट."

सोमवारी दहाला पाच कमी असताना मी हजेरीच्या रजिस्टरवर सही केली. दुपारी डबा उघडला. वांगंच होतं.