मामाच्या मेंदूतली हजेरी

स्वतःच्या मेंदूतल्या पेशींची हजेरी घेणारा माणूस अख्ख्या ओमानात एकच, तो म्हणजे माझा मामा. सूरच्या लाकडी जहाजांच्या कारखान्यात तो फोरमन. पार्किन्सन्स झाल्यावर डॉक्टरांनी त्याला समजावलं, की मेंदूच्या मध्यावर एक इवलीशी काळी पट्टी असते, तिथल्या पेशी डोपामिन बनवतात म्हणून मनात आलं की पाऊल उचलतं, आणि त्याच पेशी मरत चालल्या आहेत. दुसरा कुणी खचला असता. मामाने मला फोनवर सांगितलं, "निम्मे कामगार नोटीस न देता गेले गो. रवल्यांका ओव्हरटाइम दिलंय." ओव्हरटाइम म्हणजे उरलेल्या पेशींसाठी गोळ्या. हाताची थरथर थांबली की तो सगळे कामावर आल्याचं जाहीर करायचा. मामीची भाजी करपली तरी खापर त्या काळ्या पट्टीतल्या आळशांवर फुटायचं.

सपाट जमिनीवर, त्यातून दारात, त्याचे पाय खिळायचे. कारखान्यातल्या आडव्या फळ्या मात्र तो टणाटण ओलांडायचा. आडवी रेघ दिसली की मेंदू दुसऱ्या वाटेने काम करून घेतो, असं डॉक्टर म्हणाले. झालं, मामाने घरभर पिवळ्या टेपच्या आडव्या पट्ट्या मारल्या.

माझं लग्न मस्कतला होतं. मला बोहल्यावर मामाच आणणार होता. आईने धाकट्या मामाचं नाव काढलं, तर हा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. आदल्या दिवशी येऊन त्याने हॉलच्या दारापासून बोहल्यापर्यंत टेप लावली, आणि सकाळी हॉलवाल्यांनी हौसेने तिच्यावर लाल गालिचा अंथरला. गुरुजींनी मुलीच्या मामांना हाक दिली, आणि मामा दारातच थिजला. आई धाकट्या मामाला शोधू लागली. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

"रागावू नको गो," मामा हळूच म्हणाला. "एकपण कामावर नाय."

तेवढ्यात मामाचा अर्बाब, म्हणजे कारखान्याचा ओमानी मालक, पाहुण्यांतून उठला. ओमानी रिवाजाप्रमाणे समारंभाला आणलेली आपली बारीक काठी त्याने मामाच्या पावलांपुढे आडवी ठेवली. त्याच्याबरोबरच्या मंडळींनीही आपापल्या काठ्या ओळीने मांडल्या.

"यल्ला, चलो, फोरमन," अर्बाब म्हणाला. "लकडी आ गया."

मामाने पहिली काठी ओलांडली. मग दुसरी, तिसरी. मंडळी मागच्या काठ्या उचलून पुढे ठेवत गेली आणि मामा मला घेऊन थेट बोहल्यापर्यंत पोचला. आणि वर गुरुजींना विचारतो कसा, मुहूर्ताला अजून वेळ आहे ना? इतका अभिमान मला माझ्या डिग्रीचाही वाटला नव्हता.

आता आणखी कामगार गेलेत. ओव्हरटाइमही पुरत नाही. माझ्या घराच्या दारात मी एक पिवळी पट्टी लावून ठेवली आहे. मामा वर्षभर सूरहून आलेला नाही. पट्टीची कड सुटली की मी नवी लावते.