बुबुळावरची गाठ

आज राइस मिलकडून कोंड्याचा वास आला आणि डावा डोळा उगीच चुरचुरला.

या डोळ्याचं दुखणं झालं तेव्हा मी तरणी होते. खळ्यावर धान उडवताना डोळ्यात काहीतरी गेलं. सासूनं त्यात मध घातला. डोळा लालभडक झाला, बुबुळाच्या कडेला पिवळट फुगवटा दिसू लागला. मूल गावच्या एका डॉक्टरानं खुर्चीवरून न उठता बॅटरी मारली आणि म्हणाला, "गाठ आहे. डोळा काढावा लागेल." अशा माणसाला लोक साहेब म्हणत. मी तिथंच रडले. नवरा म्हणाला, "रडून काऊन राह्यली? एका डोळ्यानं बी धानाचा रोवणा होते."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच एस.टी.नं गडचिरोलीला गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईनं आधी विचारलं, "घरी धान निघालं का?" मग सुईच्या टोकानं ती गाठ अलगद उचलली. धानाचं टरफल होतं, बुबुळावर पालथ्या वाटीसारखं चिकटलेलं.

आता नवऱ्याच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे. मघाशी म्हणाला, "मले गडचिरोलीले घेऊन चाल नं."

मी तांदूळ पाखडत होते. म्हटलं, "काऊन? एका डोळ्यानं बी रोवणा होते."