एकोणीसमधले सहा

बाबांना अमरावतीला आणायचं ठरलं तेव्हा मी वहीत बावीस कामं लिहिली. गॅसची जोडणी बंद करणे, पेन्शनसाठी नवा पत्ता, हाडाच्या डॉक्टरांचे कागद, घर भाड्याने देणे. मासे सतराव्या क्रमांकावर होते.

आई गेल्यापासून बाबा अकोल्यात एकटेच राहत. मग न्हाणीत पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि एकटं राहणं संपलं. ते त्यांनाही कळत होतं. पण त्यांनी अट घातली.

"मासे राह्यले तं मी राहीन. नाईतं मले परत आणून सोडजो."

मासे म्हणजे चार फुटी टाकीतले एकोणीस आफ्रिकन सिक्लिड. कापसाच्या जिनिंगमधून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर बाबांनी हा नाद सुरू केला. आमचं घर शहराच्या कडेला, खारपाण पट्ट्यात. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. अंगणात लावलेलं काही जगलं नाही, हे मासे मात्र जगले. ज्या तळ्यातून ही जात आली तिथलं पाणीही असंच जड असतं, हे बाबा येईल त्याला सांगत.

माझ्या फ्लॅटमध्ये सोफा आणि बाल्कनीचं दार यांच्यामध्ये तीन फुटांची टाकी बसत होती. टेपने मोजून घेतलं होतं. मी स्टूल ओढून बाबांच्या टाकीसमोर बसले आणि निवडायला लागले. एका रंगाचा एकच. आकाराने साधारण सारखे. रंग ठसठशीत हवा, कारण बाबांची नजर कमी झाली होती. मळकट दिसणारे बाद. सहा निघाले.

"सगळे ने," बाबा पलंगावरून म्हणाले. "नाईतं एकई नको."

"तीन फुटात एकोणीस कसे मावतीन बाबा? भांडतीन ना."

"भांडू दे. भांडतातच ते."

"सहा आरामात राहतीन. मोकळी जागा भेटते त्यायले."

"आराम कोनाले पायजे बाप्पा," असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.

उरलेले तेरा अकोल्यातल्याच एका दुकानदाराला देऊन टाकले. सहा जण ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांमधून, थर्माकोलच्या खोक्यात, बाबांच्या शेजारी मागच्या सीटवर बसून निघाले. मूर्तिजापूर गेलं तरी बाबांचा हात खोक्यावरून निघाला नव्हता. पाण्यात मी कसर ठेवली नाही. बोअरच्या पाण्याचे कॅन सोबत घेतले, जुन्या टाकीतले दगड घेतले, फिल्टरचा स्पंज न धुता तसाच आणला. सहाही मासे धडधाकट पोचले. दुसऱ्या आठवड्यात अकोल्याच्या घराला भाडेकरू मिळाला, अकरा महिन्यांचा करार झाला आणि वहीतल्या सगळ्या कामांवर बरोबरच्या खुणा झाल्या.

नारिंगी मासा त्याच आठवड्यात गेला. फिल्टरच्या मागे सापडला, शेपटी कुरतडलेली. मला वाटलं प्रवासाचा ताण. मग पट्ट्यांचा गेला. तेव्हा कुठे मी टाकीकडे नीट पाहिलं. निळा मासा अकोल्यात नुसता मिरवायचा. इथे तो एकाला धरायचा आणि तो दमून तळाला बसेपर्यंत सोडायचा नाही. मग दुसऱ्याला धरायचा.

बाबा खुर्ची टाकून समोर बसून राहायला लागले. निळा धावला की काठीने काचेवर टकटक करायचे. "ए! सोड त्याले!" मी सकाळी कामावर निघताना ते तिथे असत, संध्याकाळी परत येई तेव्हाही तिथेच. ताट झाकलेलं तसंच असे.

"जेवले काहून नाही?"

"मी उठलो का हा मारते."

राखण करूनही तिसरा गेला, तेव्हा मी इथल्या दुकानात गेले. दुकानदार माझ्याच वयाचा होता, जाळीने मासे काढता काढता त्याने माझं ऐकून घेतलं.

"तिकडं किती होते?"

"एकोणीस."

"अन् तुमी आणले किती?"

"सहा."

त्याने जाळी खाली ठेवली. "तिथंच चुकलं ताई. यायले दाटीच लागते. एकोणीस असले का निळा एकाच्या मागं लागते, मधात दुसरा येते, मंग त्याच्या मागं जाते. सगळ्यायले एकेक ढुसणी, मरत कोनीच नाही. सहा असले का त्याले सवड भेटते. माद्या किती हायेत?"

"माद्या?"

"रंगीत-रंगीत निवडले असतीन तुमी."

मी मान हलवली.

"माद्या मळकट असते या जातीत," तो हसत म्हणाला, आणि माझ्याकडे पाहून हसायचा थांबला.

तिथूनच अकोल्याच्या दुकानाला फोन लावला. तेराही विकले गेले होते. कोणाला, ते त्यांना आठवत नव्हतं.

घरी आल्यावर बाबांना विचारलं, "दाटी लागते हे तुमाले माईत होतं?"

"मंग."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तू लिहून राहिली होती."

त्यानंतर जे करायचं ते मी सगळं केलं. पण दुकानदाराकडे बाहेरून माल यायला दहा दिवस लागले आणि तेवढ्यात निळ्याने उरलेले दोघेही संपवले. नवे बारा आणले, त्यात आठ माद्या. आपली हद्द कुठली हे निळ्याला कळू नये म्हणून दगडांची जागा बदलली. त्याला दिवसभर बादलीत ठेवून सगळ्यात शेवटी सोडलं. दिवा बंद ठेवला. जमलं. गेल्या महिन्याभरात एकही मासा दगावला नाही. निळा एकाच्या मागे धावतो, मध्येच विसरतो, दुसऱ्याच्या मागे जातो.

बाबांनी खुर्ची हलवली आहे. ते आता दाराजवळ बसतात, टाकीकडे पाठ करून. मासे कसे वाटतात म्हणून विचारलं तर म्हणाले, "चांगले हायेत." अटीचं नाव त्यांनी काढलं नाही. शेवटी परवा मीच काढलं. भाडेकरूला नोटीस देते, म्हटलं, दिवसभराची बाई शोधते, तुम्ही अकोल्याला चला. मी खरंच वहीचं नवं पान उघडून बसले होते.

"तुले जमन तसं कर," ते म्हणाले.

आयुष्यभर त्यांनी माझं एकही म्हणणं वाद घातल्याशिवाय ऐकलं नव्हतं, माझ्या लग्नाच्या पत्रिकेच्या कागदाबद्दलसुद्धा. मग विचारलं, चहा ठेवू का, साखरेचा की बिनसाखरेचा.

"तुले जमन तसा," ते म्हणाले.