ताईंच्या टेबलावरचे सूत

डॉ. नलिनीताईंचा परिचय मला झाला तो सुरतेतील लिंबायतचे माझे शेजारी भिकाभाऊ यांच्या आजारपणात. मूळचे खानदेशातले भिकाभाऊ मागावर काम करीत. कुष्ठरोगाचा औषधोपचार पूर्ण करून ते बरे झाले होते. तरीही अंगावर लाल, दुखरे उंचवटे आले, ताप चढला आणि उजव्या हाताची नस ठणकू लागली. दवाखान्यात त्यांच्या पत्नी सखूबाई यांनी बसण्यापूर्वीच विचारले, "रोग परत उना का, बाई?"

"नाही. चोर गेला, कुत्रं अजून भुंकतंय," नलिनीताई म्हणाल्या. जंतू मेले तरी त्यांच्या अवशेषांवर शरीर चवताळते, हा सारा आशय त्यांनी एवढ्या वाक्यात बसवला.

"कुत्रं भलतं इमानदार शे!" भिकाभाऊ उद्गारले. सखूबाईंना हसू आवरेना.

ताईंची तपासण्याची रीत निराळी होती. मागावर तुटलेला धागा बोटांनी जोडावा लागतो. ते जमेनासे झाले, की काम सुटते. म्हणून ताई टेबलावर सूत ठेवीत. प्रत्येक खेपेला धागा तोडून गाठ मारायला सांगत आणि स्वतः ती ओढून पाहत.

शरीराचा हा प्रक्षोभ शमवणाऱ्या गोळ्या हळूहळूच कमी करायच्या असतात. भिकाभाऊंनी बरे वाटताच त्या परस्पर बंद केल्या. पुढच्या खेपेला करंगळी लुळी पडली होती. गाठ ओढताच सुटली.

"बरं वाटनं ना, बाई," ते पुटपुटले.

"कुत्रं पेंगलं, की दार उघडं टाकायचं?"

यापलीकडे ताई रागावल्या नाहीत. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, बोटांचे व्यायाम सुरू झाले. ताईंनी कारखान्याच्या शेठना स्वतः भेटून भिकाभाऊंना तोवर हलके काम मिळवून दिले. त्रास मधूनमधून उलटत राहिला. प्रत्येक वेळी ताई तितक्याच शांतपणे उपचाराला लागल्या.

अखेर एका सकाळी गाठ सुटली नाही. ताईंनी ती दोनदा ओढली. मग दुसरा धागा तोडून स्वतः गाठ मारली आणि पुढे केली.

"तुमनी ढिली शे, बाई," भिकाभाऊंनी निकाल दिला. ताई खळखळून हसल्या.

भिकाभाऊ आजही मागावर आहेत. दवाखान्यातील सूत संपले, की नवे तेच नेऊन देतात.

ताईंनी साठी गाठली. मी वयाने ज्येष्ठ असल्यामुळे आशीर्वादाचा अधिकार बजावतो: त्यांना निरामय दीर्घायुष्य लाभो, आणि त्यांच्या टेबलावरचे सूत न वापरता धूळ खात पडो, असे दिवस त्यांना याचि डोळा पाहायला मिळोत.