आली म्हणजे बाईच ना?

थोरल्या जाऊबाई चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. गिऱ्हाइकाच्या नाकाडाचा अंदाज घेऊन फ्रेम काढून द्यायची, दांड्या वाकवून कानावर नीट बसवायच्या, हे त्यांचं सोळा वर्षांचं काम. दुपारी दुकान तासभर बंद असे. तेव्हा काउंटरमागच्या स्टुलावर बसून त्या रहस्यकथा वाचत. बहुतेक भाषांतरित. मूळ इंग्रजीशी त्यांचं शाळेपासूनच वाकडं होतं. त्या पेपरात दोनदा गचकल्या आणि शिक्षण तिथंच थांबलं.

धाकटी जाऊ घरात आली ती त्याच भाषेत दिवसभर फोनवर बोलणारी. मोठ्या कंपनीत होती. तिच्यासमोर आपलं पुस्तक काढायला थोरलीला उगाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

एका रविवारी धाकटीनं पिशवीतून एक जाडजूड कादंबरी काढली. थोरलीनं मुखपृष्ठावरचं धुक्यातलं अतिथीगृह लगेच ओळखलं. तीच कादंबरी ती मराठीत वाचत होती.

हे कळताच दिरांना, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याला, आयतं कोलीत मिळालं. "लावा पैज! खुनी कोण ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाका. बघू अस्सल जिंकतंय की भाषांतर!"

आता माघार कशी घेणार? थोरली इरेला पेटली. कादंबरीत अतिथीगृहातल्या पाहुण्यांना निनावी पत्रं येत होती आणि पत्रं लिहिणाराच खुनी होता. चाळिसाव्या पानावर तिला वाक्य सापडलं: 'पत्रं लिहिणारी ती व्यक्ती जिना चढून वर गेली.' गेली! म्हणजे बाई. आणि अतिथीगृहात बाई एकच, मालकीण. तिनं ठसक्यात चिठ्ठी टाकली.

पुढच्या रविवारी दोघींची पुस्तकं संपली. खुनी निघाला माळी.

दिरांनी डबा उघडला. "वहिनी म्हणतात मालकीण. आणि आमच्या बाईसाहेब म्हणतात डॉक्टर. दोघी सपशेल आडव्या!" ते हसत हसत गॅलरीत निघून गेले.

थोरलीचा चेहरा पडला. "मला त्या पुस्तकानंच फसवलं," ती म्हणाली. "हे बघ. वर गेली, दार लोटून आली... आली म्हणजे बाईच ना?"

धाकटीनं आपलं पुस्तक उघडून तेच पान शोधलं. दोन्ही ओळी ताडून पाहिल्या आणि तिला हसूच फुटलं. "ताई, इथं बाई की पुरुष काही कळतच नाही हो. या भाषेत चालून जातं. मराठीत क्रियापद चुगली करतं ना! म्हणून भाषांतर करणाऱ्यानं 'व्यक्ती' आणली. पुरुष असला तरी व्यक्ती आली, व्यक्ती गेली."

थोरलीनं ती ओळ पुन्हा वाचली. मग तिनं मांडीवर थाप मारली. "लबाड मेला! व्याकरणाच्या पदराआड माळी लपवला की!" राग कुठल्या कुठे पळाला. ती मठ्ठ नव्हती. तिला बेमालूम चकवलं होतं.

धाकटी मात्र घुटमळत होती. गॅलरीतल्या नवऱ्याचा कानोसा घेऊन तिनं हळूच विचारलं, "ताई, एक विचारू? तो माळी खून झाला त्या खोलीत शिरला कसा?"

"अगं, तू तर अस्सल वाचलंस!"

"ऑफिसची भाषा येते मला. आपला अर्ज मिळाला, कळवू, धन्यवाद. इथं अर्धी पानं अंदाजानं उलटली. तुम्हाला कळलं तर काय म्हणाल, याची आठवडाभर धास्ती होती."

थोरलीच्या छातीवरचं ओझंच उतरलं. तिनं खुर्ची जवळ ओढली. "तो रोज संध्याकाळी कुंड्या आत न्यायचा. हातात कुंडी असली की कुणी माणसाकडे बघतच नाही. पान एकशे दहा बघ."

मग चहा झाला, दुसरा झाला. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून दोघी पानापानानं पुढे सरकल्या. एका ठिकाणी मुळातलं अख्खं पान मराठीत नव्हतंच. थोरली सरसावली. "वाच, वाच. काय दडवलंय बघू."

धाकटीनं डिक्शनरी घेऊन, अडखळत, पानाचा अर्थ लावला. सगळं बागेचं वर्णन होतं. गुलाबाच्या नऊ जाती.

"वगळलं ते बरंच केलं," थोरली म्हणाली आणि तिनं पुढचं पान उलटलं.