शेपटीचा दिवा

बार्शी सोडली त्या दिवशी अण्णांनी माझ्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. ते पाहत होते सोलापूरच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे. माझे वडील एसटी डेपोत मेकॅनिक. मी खिडकीत बसलेली, आई खाली डोळे पुसतेय, आणि हे गाडीमागे उभे राहून ड्रायव्हरला ओरडतायत, "दाब… सोड. दाब… सोड." ब्रेकचा एक दिवा एकदा लागला की लागलेलाच राहत होता. तो दुरुस्त होईपर्यंत वीस मिनिटं गेली. गाडीतले लोक कुरकुरत होते. सोलापूरला चेन्नईची रेल्वे चुकणार म्हणून मी रडकुंडीला आले होते आणि लाजेने मान वर करत नव्हते. शेवटी अण्णा खिडकीशी आले. "लागला ते कुणीही बघतं," म्हणाले, "विझतो का ते बघायचं." आई त्यांच्यावर उखडली, "पोरगी निघताना विझला काय म्हणता? शांत झाला म्हणा." एवढा निरोप घेऊन मी निघाले.

हे आज लिहितेय ते आपल्या घरच्या ग्रुपमुळे. परवा कुणीतरी विमानाभोवती घिरट्या घालणाऱ्या ड्रोनचा व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं, 'आता शुभांगीला फक्त सही करायची, मज्जा आहे.' त्यावर सगळ्यांचे अंगठे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मज्जा काय असते ती ऐकाच.

विमानाला बाहेरून दिवे असतात. डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्या पंखाला हिरवा, शेपटीला पांढरा, शिवाय पाठीवर आणि पोटाखाली लुकलुकणारे. ते तपासून विमान उडायला ठीक आहे अशी सही करणं हे माझं काम. मी इथे चेन्नईच्या हँगरमध्ये आले तेव्हा ते तपासायला दोन माणसं लागायची. माझे वरिष्ठ राव सर कॉकपिटमध्ये आणि मी बाहेर, माणसाला उंच उचलणाऱ्या लिफ्टवर, दिव्याशेजारी. राव सर तंजावरचे मराठी. कैक पिढ्या तिकडेच गेलेल्या, त्यामुळे त्यांचं मराठी ऐकताना जुनं पत्र वाचल्यासारखं वाटे. ते बटण दाबत, मी काचेवर हाताचा आडोसा धरून हेडफोनवर सांगे, "लागला." ते बंद करत, मी म्हणे, "विझला." पहिल्याच दिवशी कानात आवाज आला, "दिव्यास विझला म्हणूं नये, मा. शांत म्हण." बार्शीपासून इतक्या लांब, हँगरमध्ये, माझी आई बोलली. त्या दिवसापासून आमचं तसंच चाले. लागला, शांत. लागला, शांत. पुढे तमिळ मेकॅनिकही 'शांत' म्हणायला लागले.

मग ड्रोन आला. यंत्राशी माझं भांडण नाही. पाठीवरच्या दिव्याची काच तडकलेली मला दिसली नव्हती, ती त्याने दाखवली. भांडण आहे ते त्याला डोक्यावर घेणाऱ्यांशी. सगळे दिवे एकदा लावायचे, ड्रोनने फेरी मारून फोटो काढायचे, कॉम्प्युटरने 'ठीक' लिहायचं. दिवा बंद करून बघण्याची पायरी वेळ खाते म्हणून काढून टाकली. राव सरांनी मीटिंगमध्ये विचारलं, मग बंद झाल्याचं कोण बघणार? हँगरचे साहेब हसले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. महिन्याभरात राव सरांना सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये बसवलं. मी गप्प राहिले. सगळ्यात जास्त राग मला त्या गप्प राहण्याचा येतो.

एका दुपारी साहेब टॅबलेट घेऊन आले. "एल्लाम ओके. साइन पण्णुंग, मॅडम." सगळं ठीक आहे, करा सही. मी केली. संध्याकाळी प्रवासी बसले, पायलट खाली उतरून एक चक्कर मारायला गेला, आणि शेपटीचा दिवा बंद. विमान थांबवलं. वर जाऊन पाहते तर दिवा केव्हाचाच गेलेला. मग ड्रोनचा फोटो मोठा करून बघितला. काचेत पांढरा ठिपका होता, आणि तो ड्रोनच्या स्वतःच्याच दिव्याचा होता. आपलंच तोंड आरशात बघून त्याने 'ठीक' म्हटलं होतं. एकदा बटण बंद करून बघितलं असतं, तर तो ठिपका तसाच राहिला असता आणि तिथल्या तिथे चोरी पकडली गेली असती.

चौकशीत ड्रोनला कुणी काही विचारलं नाही. सही कुणाची? माझी. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणत मी आठवडाभर धुमसत होते. अण्णा तरी आपली बाजू घेतील म्हणून फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वर कोण चढलं होतं?"

"कुणी नाही."

"मग सही कशाची केलीस?"

फोन ठेवला त्यांनी. त्या दिवाळीला मी बार्शीला आले नाही. रजा मिळाली नाही असं तुम्हाला सांगितलं, ते खोटं होतं.

गेल्या आठवड्यात साहेब पुन्हा तोच टॅबलेट घेऊन उभे. मी म्हटलं, वर जाऊन बघितल्याशिवाय सही होणार नाही. ते म्हणाले, मग सहीचं काम दुसऱ्याला देतो, तुम्ही स्टोअरला जा. "सेरी सर, बरं," म्हटलं, "पण आजचं विमान माझ्या नावावर आहे." स्टोअरमधून राव सरांना बोलावलं. गुडघे धरत ते कॉकपिटमध्ये चढले, मी लिफ्टवर. एकेक दिवा. लागला. शांत. साहेब खाली घड्याळ बघत होते. बघू देत. शेपटीच्या काचेवर हात ठेवला, मग खाली येऊन सही केली. स्टोअरची ऑर्डर अजून आलेली नाही, पण येईल.

इथल्या वेस्ट मांबलमच्या फ्लॅटला मी आता घर म्हणते. भाजीवालीशी तमिळमध्ये भांडते. इथे हँगरमधल्या प्रत्येकालाच 'अण्णा', म्हणजे थोरला भाऊ, म्हणायची पद्धत आहे, मीही म्हणते. पण त्यातला एकही अण्णा मला विचारत नाही की वर कोण चढलं होतं. सगळे विचारतात, रिपोर्ट आला का? तो पहिला प्रश्न विचारणारं माणूस बार्शीत आहे, म्हणून माझं घर अजून बार्शीतच आहे.

गौरीला येतेय. अण्णा, पुन्हा विचारा. मी चढले होते.