हजार पत्रांची एक हरकत

वस्तीचं पडदेवालीकडे पहिल्यांदा लक्ष गेलं, ते तिने भर सभेत हेडमास्तरांना "सर, आता बसा खाली" म्हटलं त्या दिवशी. तोवर ती म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात मशीनवर वाकून पडदे शिवणारी बाई. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे बोलणं बेताचं.

सभा धुराची होती. वस्तीला लागूनच लोखंड ओतायचा जुना कारखाना. अशा जुन्या कारखान्यांनी धुराड्याला धूर गाळणारं यंत्र बसवायचं, असा नियम आधीच झाला होता. आता सरकार त्यांना आणखी पाच वर्षांची सूट देणार होतं. कुणाची हरकत असेल तर महिनाअखेरपर्यंत कळवा, असं जाहीर झालं होतं. वस्तीतल्या धूरविरोधी समितीचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर. पत्रात 'धूर' लिहावं की 'धूम्र', यावर ते तासभर उभ्याने बोलत होते.

पडदेवालीला घाई होती. तिची लेक बबडी नऊ वर्षांची. तिला दम्याचा त्रास. "हवा बदला," असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून ती दूरच्या गावी मावशीकडे राहत होती. यंत्र बसलं तर बबडी घरी, नाही बसलं तर पाच वर्षं मावशीकडे. पडदेवालीच्या लेखी सगळा प्रश्न एवढाच होता.

अखेर हेडमास्तरांनी पत्र लिहिलं. सुरेख होतं. काना-मात्रेची चूक नाही. "एकही शब्द इकडचा तिकडे होता कामा नये," असं बजावून त्यांनी त्याच्या हजारभर प्रती काढल्या. पडदेवालीने दुकान बंद ठेवून दारोदार फिरून सह्या आणल्या.

हरकतींच्या सुनावणीत सरकारी साहेबांनी गठ्ठा चाळला आणि चष्मा काढला. "मजकूर सगळीकडे तोच आहे. म्हणजे ही एक हरकत."

"हजार माणसांची!" हेडमास्तर म्हणाले.

"हजार माणसांची एक. नियमच आहे तसा."

मागून कुणीतरी म्हणालं, "सरांच्या वर्गात कॉपी सापडली रे!" सगळी खोली हसली. मोज्यात लपवलेल्या चिठ्ठ्या काढण्यात ज्यांची हयात गेली, त्या हेडमास्तरांचे कान लाल झाले. पडदेवालीने कपाळाला हात लावला. मुदत संपायला आठवडा उरला होता.

ती पुन्हा दारोदार निघाली. "हे बघा, स्वतःच्या शब्दांत लिहा. तुम्हाला काय त्रास होतो तेवढंच."

त्रास सगळ्यांनाच होता, पण भलताच. वाण्याने मोकाट कुत्र्यांवर दीड पान लिहिलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी शेजारणीची सून आपल्या दोरीवर कपडे वाळत घालते, अशी हरकत घेतली. दूधवाल्याने तर कारखान्याचे आभारच मानले.

"अहो भाऊ, ही हरकत आहे की शिफारस?"

"काय करू वहिनी, मेहुणा तिथेच कामाला आहे. उद्या वाचलं म्हणजे?"

"मग मेहुण्याचा खोकला लिहा!"

घरी नवरा रिकामा कप घेऊन बसलेला. तो शहर बसचा ड्रायव्हर. गर्दीत शांत राहायची त्याला सवय होती. "अगं, मीही एक हरकत नोंदवू का? सकाळपासून चहा नाही म्हणून."

"नोंदवा. पण स्वतःच्या शब्दांत."

पाच दिवसांत तिच्या नाकी नऊ आले, पण दोनशेच्या आसपास पत्रं जमली. ती हेडमास्तरांकडे ठेवून पडदेवाली जरा पाठ टेकायला गेली, हेच चुकलं. परत येऊन बघते तो सर लाल पेन घेऊन बसलेले. वीस-पंचवीस पत्रं तपासून झालेली.

"सर, हे काय केलंत?"

"सुधारतोय. ही बाई लिहिते 'छातीत घुरघुरतं'. सरकारी कागदात शोभतं का ते? मी 'श्वसनसंस्थेवर प्रतिकूल परिणाम' केलं."

"सगळ्यांच्यात?"

"अर्थात. शुद्ध भाषा एकच असते."

पडदेवालीने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. "सर, तिच्या छातीत घुरघुरतंच. प्रतिकूल परिणाम तिला आयुष्यात कधी झालेला नाही. तुम्ही पुन्हा सगळ्यांची एकच हरकत करून ठेवलीत!"

सरांनी पेनाला टोपण लावलं. तपासलेली पत्रं घेऊन ती पुन्हा त्या सगळ्या घरी गेली. "परत?" म्हणून प्रत्येकाने विचारलं. आता मात्र हेडमास्तर कोरे कागद घेऊन तिच्यामागे चालत होते.

शेवटच्या दिवशी कचेरीतल्या कारकुनाने एकेक पत्र बघून शिक्का मारला. वाण्याची कुत्रीसुद्धा पास झाली. एकच पत्र त्याने परत केलं. ते बबडीचं होतं. मावशी चांगली आहे, पण मला घरी यायचं आहे, धूर बंद करा, इतकंच तिने लिहिलं होतं.

"हा पत्ता हद्दीबाहेरचा आहे, बाई."

"अहो, तिला हद्दीबाहेर राहावं लागतं, हीच तर हरकत आहे!"

"ते कळलं हो मला. पण हद्दीतल्यांचीच घेता येते."

ती दात-ओठ खात बाहेर आली.

दोन महिन्यांनी निर्णय लागला. पाच वर्षांची सूट दोन वर्षांवर आली. समितीने टाळ्या वाजवल्या. दूधवाल्याने सगळ्यात मोठ्याने वाजवल्या.

"दोन वर्षं धूर खायचा आणि वर टाळ्या?" पडदेवाली म्हणाली.

"पाचाची दोन झाली, बाई," हेडमास्तर हळूच म्हणाले. "तुमच्यामुळे झाली."

तेही खरंच होतं. त्याचाच तिला जास्त राग आला.

सध्या ती समितीची चिटणीस आहे. दर शनिवारी दुपारी दुकान बंद करून ती बबडीकडे जाते आणि रविवारी संध्याकाळच्या बसने एकटी परत येते.